शिफारसपत्राची उलटतपासणी

निशाणी ४
साक्षीच्या दिवशी साक्षीदाराने वांग्याची भाजी खाऊ नये. पोटात वायू धरतो आणि माणूस वैतागून खरं बोलतो. (तोंडी सूचना, ॲड. जमादार.)

निशाणी १
पासपोर्टच्या फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत. स्टुडिओवाला म्हणाला, तुमचा एकच दिसतोय, दुसरा आहे ना? मी केस मागे घेऊन दाखवला. तो म्हणाला, मग ठीक आहे.

निशाणी ७
इंग्रजीच्या परीक्षेत हेडफोनमधून एक माणूस दुसऱ्याला विचारत होता, सोफा न्यायला गाडी कधी येणार? त्या सोफ्यासाठी मी जीव कानात आणून ऐकलं. एवढं लक्ष पाच वर्षांत मी एकाही तासाला दिलं नव्हतं.

निशाणी २
"आपण दहशतवादी कृत्य केले आहे काय, किंवा करण्याचा विचार आहे काय?" व्हिसाच्या कोऱ्या अर्जातला प्रश्न. अण्णा म्हणाले, "दोन्हीला नाही लिही. विचार असला तरी नाहीच लिही."

निशाणी ९
"कुमारी लोंढे हिला मी गेली पाच वर्षे अत्यंत जवळून ओळखतो. माझ्या एकतीस वर्षांच्या अध्यापनात अशी विद्यार्थिनी दुसरी झाली नाही." हे मी लिहिलं. कुमारी लोंढे मीच.

कोर्टात दाखल झालेल्या कागदाला निशाणी म्हणतात. त्या क्रमाने लावायच्या असतात. आमच्या तालुका कोर्टात त्या कधीच क्रमाने सापडत नसत, म्हणून मीही लावलेल्या नाहीत.

सरतपास

म्हणजे आपल्याच वकिलाने आपल्याला विचारलेले गोड प्रश्न.

"कुठली लोंढे?" मगदूम सरांनी विचारलं.

"उर्मिला. शेवटच्या वर्षाची."

"शेवटच्या वर्षाला मी शिकवतो?"

"पुराव्याचा कायदा शिकवलात, सर. तिसऱ्या वर्षाला."

"तू येत होतीस?"

"अधूनमधून," मी म्हणाले. दोनदा गेले होते. त्यातल्या एकदा खोली चुकली म्हणून.

"बापाचं नाव काय?"

"कोर्टासमोर टायपिंग करतात ते लोंढे."

"अण्णांची पोरगी! मग आधी सांगायचं की." सरांनी खुर्चीकडे बोट केलं. "काय पाहिजे?"

"शिफारसपत्र. स्कॉटलंडला एलएलएमला अर्ज केलाय."

"लिहून आण," सर म्हणाले, "सही करतो."

आमच्या कॉलेजात अशीच रीत होती. नाव सांगत नाही, ते अजून चालू आहे. पत्र ज्याला पाहिजे त्याने लिहायचं आणि सरांनी खाली सही करायची. ज्याच्या घरचं लग्न त्याने पत्रिका छापायची, इतकं ते साधं होतं. कुणाला त्यात काही वावगं दिसत नसे. उलट एखादे सर स्वतः लिहायला बसले असते तर पोरांनी विचारलं असतं, सरांचं घरात भांडण झालंय का?

मी लिहिलं. आणि स्वतःबद्दल लिहायला बसलं की माणूस सुटतो. सरांबरोबर मी बारा गावांत हिंडून 'ग्रामीण स्त्रिया आणि न्यायालयातील साक्ष' या विषयावर पाहणी केली होती. राज्यस्तरीय मूट कोर्ट स्पर्धेत, म्हणजे खोट्या खटल्याच्या स्पर्धेत, पहिलं बक्षीस मिळवलं होतं. आमच्या कॉलेजात खोटे खटले होत नसत. त्यासाठी आणलेलं लांबलचक टेबल होतं, त्यावर लायब्ररीचे शिपाई कांबळेमामा दुपारी झोपत.

पत्र नेलं तेव्हा सर जावयाशी फोनवर बोलत होते. फोन खांद्यात धरून त्यांनी तीन प्रतींवर सह्या केल्या आणि हात फोनच्या तोंडावर ठेवून एवढंच विचारलं, "स्पेलिंगं बघितलीस ना?"

जुलैमध्ये विद्यापीठाचं उत्तर आलं. प्रवेश दिला होता, पण सशर्त. मार्कांच्या साक्षांकित प्रती, त्या झाल्या. इंग्रजीचे मार्क, तेही आले, सोफ्याच्या कृपेने. तिसरी अट शेवटच्या ओळीत होती. शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांशी आम्ही कॉलेजच्या फोनवर बोलून पत्राची खातरजमा करू. गुरुवार, चोवीस तारीख, तुमच्याकडचे दुपारी साडेतीन.

समाजकल्याण खात्याची शिष्यवृत्ती मला मंजूर झाली होती. तिच्याशिवाय मी स्कॉटलंडला काय, कोकणातही जाऊ शकले नसते. आणि ती मिळायची तर एकतीस तारखेपर्यंत बिनशर्त प्रवेशाचं पत्र दाखवायचं होतं. म्हणजे सगळं एका फोनवर आलं. तो फोन अशा माणसाला येणार होता, ज्याने मला ओळखलं नव्हतं आणि पत्र वाचलं नव्हतं.

मी कोर्टासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तिथे अण्णांचं मशीन आणि शेजारी जमादार वकिलांचं टेबल. अण्णा कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र बडवत होते.

"अण्णा, फोन येणाराय."

"कुणाला?"

"मगदूम सरांना. पत्रातलं खरं का, विचारणार आहेत."

"मग सांगतील की."

"त्यांनी वाचलेलं नाही."

अण्णांनी मशीन थांबवलं. "बघू."

मी प्रत दिली. अठ्ठावीस वर्षांत तालुक्यातले खून, बांध, सवती, सगळे त्यांच्या बोटांखालून गेले होते. टाइप करताना त्यांचा चेहरा हलत नसे. तो दुसऱ्या परिच्छेदाला हलला.

"ही बारा गावं कुठली गं?"

"अजून ठरवली नाहीत."

जमादार वकील खो खो हसले. "अण्णा, पोरगी वकील झाली. सनद मिळायची राहिली फक्त."

"हसायलाय काय, वकीलसाहेब," मी म्हणाले. "गेलं सगळं."

"कशानं गेलं? सरांना पत्रातलं माहीत नाही ना? मग पढवू. एवढे खुनाचे साक्षीदार पढवले मी, हे तर शिफारसपत्र आहे. इथं प्रेत पण नाही."

अण्णांनी प्रत घडी करून मशीनखाली ठेवली.

विद्यापीठाला कळवून नवं, खरं पत्र देता आलं असतं. हे त्या शेडमध्ये बसलेल्या तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. कोर्टासमोर बसणाऱ्या माणसांना साक्ष म्हटलं की तालीम सुचते.

मगदूम सर नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. मी चाचरत सांगितलं. सर ऐकता ऐकता सरळ बसले.

"म्हणजे मला साक्षीला बोलावलंय?"

"तसंच म्हणायचं, सर."

"एकतीस वर्षं पुरावा शिकवतोय," सर म्हणाले. "पिंजऱ्यात एकदा उभा राहिलो नाही मी, लोंढे. शेजाऱ्याची भिंत पडली तेव्हा वाटलं होतं, बोलावतील. त्यांनी आपसात मिटवलं."

दुसऱ्या दिवशी, सोळा तारखेला, संध्याकाळी पाचला धनपाल मगदूम कडक इस्त्रीचा सफारी घालून, खिशाला दोन पेनं लावून शेडमध्ये हजर झाले.

जमादारांनी त्यांना बाकावर बसवलं. "सर, कायदा तुम्ही मला शिकवलात. आता साक्ष मी तुम्हाला शिकवतो. राग मानायचा नाही."

"छे, छे. बोला."

"नियम एक. विचारलं तेवढंच सांगायचं. बाई म्हणाली, जेवलात का? तर हो. काय जेवलात ते सांगायचं नाही."

"आणि तिनं विचारलं, काय जेवलात?"

"तेव्हा सांगायचं. गोड काय होतं ते सांगायचं नाही."

सरांनी वहीत लिहून घेतलं.

"नियम दोन. माहीत नसेल तिथं 'आठवत नाही'. 'माहीत नाही' म्हणायचं नाही. माहीत नाही म्हटलं की संशय येतो, आठवत नाही म्हटलं की वय दिसतं."

"वा," सर म्हणाले.

"नियम तीन. समोरच्यानं तोंडावर म्हटलं, हे खोटं आहे, तर ठरलेलं वाक्य. अण्णा, सांगा ते."

अण्णांनी मान वर न करता म्हटलं, "हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे. दिवसाला पंचवीसदा टाइप करतो."

"इंग्लिशमध्ये?" सरांनी विचारलं.

"इट इज नॉट ट्रू टू से दॅट," मी म्हणाले, "आणि पुढं ती जे म्हणेल ते."

सरांनी ते तीनदा घोकलं. जमादारांनी हात झटकले. "बास. शपथ नाही, कोर्ट नाही, समोर जज्ज नाही. यापेक्षा सोपी साक्ष जगात झाली नसेल."

उलटतपास

म्हणजे समोरच्याच्या वकिलाने आपली सालं काढणं.

बाई कुणी व्हायचं हा प्रश्न होता. जमादारांचं इंग्रजी आरोपपत्रापुरतं. अण्णांचं टायपिंगपुरतं. मीच झाले. मशीनसमोरच्या स्टुलावर बसायचं, पत्र मांडीवर घ्यायचं आणि स्कॉटलंडहून बोलायचं. बोलायचो मराठीतच, फक्त सरांना मी 'प्रोफेसर मगदूम' म्हणायची.

पहिल्या दिवशी सगळं छान झालं. विद्यार्थिनी कशी आहे? हुशार. कष्टाळू? हो. जमादार उखडले.

"अशी लाडानं काय विचारायलीस? ती काय तुझी मावशी आहे? दुष्मन हो की जरा."

मग मी दुष्मन झाले.

"प्रोफेसर मगदूम, आपण बारा गावांत गेलात. पहिलं गाव कोणतं?"

"उदगाव," सर म्हणाले. गावांची यादी आम्ही सकाळीच केली होती.

"गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात?"

"मे."

"मे महिन्यात आपण कुठे होतात?"

"उदगावात."

"मेमध्ये पूर्ण महिना आपण पेपर तपासायला कोल्हापुरात होतात. तसं पत्र कॉलेजच्या बोर्डावर अजून लावलेलं आहे. कोणतं खरं?"

सरांनी जमादारांकडे पाहिलं. "आठवत नाही."

"मे आठवत नाही, की कोल्हापूर आठवत नाही?"

"अहो, ही काय बोलायलीय!" सर जमादारांना म्हणाले.

"माझ्याकडे बघायचं नाही, सर. मी फोनमध्ये दिसत नाही."

"बायका किती भेटल्या?" मी विचारलं.

"चाळीस."

"एका गावात, की बाराही गावांत मिळून?"

"मिळून."

"म्हणजे गावाला तीन, आणि चार उरल्या. त्या चार कुठल्या?"

अण्णांच्या मशीनचा आवाज थांबला होता.

शनिवारपर्यंत सर रोज गावांवरच पडत होते. रविवारी विश्रांती. सोमवारी मी 'पाच वर्षे अत्यंत जवळून' घेतलं. माझा हजेरीपटावरचा नंबर किती? मी पहिल्या बाकावर बसत होते की शेवटच्या? सर म्हणाले, मधल्या. मी म्हणाले, त्या वर्गात दोनच रांगा आहेत. सर घामाघूम झाले, पण मंगळवारी पाच वाजायच्या आत पुन्हा आले. सफारी दुसरा.

मला त्यात मजा यायला लागली होती, हे सांगायला पाहिजे. कॉलेजात पाच वर्षं काढून मला कायद्याची गोडी लागली नव्हती. ती त्या पत्र्याखाली, स्वतःचंच पत्र फाडताना लागली. घरी जेवताना मी अण्णांना विचारायची, "बक्षिसावर आधी घेऊ का हजेरीवर?" अण्णा म्हणायचे, "आधी जेव."

बुधवारी मी बक्षीस घेतलं.

"प्रोफेसर, राज्यस्तरीय बक्षीस अर्जदाराला कधी मिळालं?"

"वीस फेब्रुवारी," सर म्हणाले. हे पाठ होतं.

"आपण पत्रावर सही कधी केलीत?"

सरांनी पत्रावर बोट फिरवलं. "सहा फेब्रुवारी."

"बक्षीस मिळायच्या चौदा दिवस आधी आपल्याला कसं कळलं?"

जमादार उठून माझ्यामागे आले आणि त्यांनी पत्र हातात घेतलं. "हे खरंच असं लिहिलंयस?"

"लिहिलंय," मी म्हणाले. "मलाही आत्ताच दिसलं."

"हे म्हणणं खरं नाही की..." सरांनी सुरुवात केली आणि ते थांबले. "पण खरं आहे की हो हे. तारीख चुकलीच आहे."

"उर्मे, बास आता," जमादार म्हणाले. "स्वतःच्याच साक्षीदाराला गाडायलीस तू. उद्या त्या बाईला एवढं सुचणार नाही. तिला पगार आहे."

सर रुमालाने मान पुसत होते. "लोंढे, हे पत्र मला दे. घरी नेऊन एकदा वाचतो. सहीच्या वरचं कधी वाचलंच नव्हतं बघ."

मी त्यांना पत्र दिलं आणि चहाचे ग्लास गोळा करून टपरीवर परत द्यायला गेले. आल्यावर सर निघून गेले होते. अण्णा मशीनवर कापड घालत होते.

गुरुवारी प्राचार्य बाहेरगावी मीटिंगला होते, म्हणून त्यांची खोली मिळाली. टेबलावर फोन, त्याला स्पीकर. जमादार कोट चढवून आले होते. कोर्ट चालू असताना अण्णांनी शेड बंद ठेवली होती, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. ते दाराशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सरांनी वांगं खाल्लं नव्हतं, हे जमादारांनी दोनदा विचारून घेतलं.

साडेतीन वाजले. तीन बत्तीस. तीन पस्तीसला जमादार म्हणाले, "बाईला पण तारीख पडली वाटतं." तेवढ्यात फोन वाजला.

पुढचं सगळं इंग्रजीत झालं. सरांचं इंग्रजी पुराव्याच्या कायद्याइतकंच होतं, १८७२ सालचं. मी मराठीत सांगते.

"प्रोफेसर मगदूम? मी कॅथरीन ड्रमंड, प्रवेश विभागातून. दोन-तीन साधे प्रश्न आहेत, पाच मिनिटं लागतील."

"मॅडम," सर म्हणाले, "आधी मला शपथ द्या."

जमादारांचा कपाळाकडे जाणारा हात अर्ध्यात थांबला. हे तालमीत नव्हतं.

"माफ करा?"

"शपथ. मी साक्ष देतोय. शपथेशिवाय बोललेलं वाऱ्यावर जातं. त्याला मी पुरावा म्हणत नाही."

पलीकडे बाई हसल्या, चांगल्या मनाने. "मला शपथ द्यायचा अधिकार नाही हो, प्रोफेसर."

"हरकत नाही. मी माझी घेतो. तुम्ही ऐकलं एवढं म्हणा."

सर उठले. त्यांनी चपला काढल्या, प्राचार्यांच्या गालिच्याच्या कडेला जोडीने ठेवल्या, आणि हात जोडून फोनकडे तोंड करून म्हणाले की मी सत्य सांगेन, पूर्ण सत्य सांगेन आणि सत्याशिवाय काही सांगणार नाही.

"ऐकलं?"

"ऐकलं," बाई म्हणाल्या. आवाजात आता हसू नव्हतं.

जमादार माझ्या कानाशी वाकले. "जैन माणूस. अनवाणी शपथ. आता खोटं बोलणार नाही. गेलं."

"प्रोफेसर, कुमारी लोंढे यांचं शिफारसपत्र माझ्यासमोर आहे. सही तुमची आहे?"

"माझी."

"पत्र तुम्ही लिहिलंय?"

"नाही."

कागद हलल्याचा आवाज आला. "कुणी लिहिलं?"

"तिनं."

"अर्जदारानं? स्वतः?"

"हो."

"तुम्ही सही करण्याआधी वाचलं होतं?"

"नाही. काल वाचलं."

सर नियम एक अक्षरशः पाळत होते. विचारलं तेवढंच. शब्द जास्त नाही. जमादारांना आयुष्यात इतका आज्ञाधारक साक्षीदार मिळाला नसेल.

"पत्रातला मजकूर खरा आहे का?"

"वाक्यवार विचारा," सर म्हणाले.

बाईंनी वाक्यवार विचारलं. पाच वर्षं जवळून ओळखता? नाही, नऊ दिवस. बारा गावांतली पाहणी? झाली नाही. मूट कोर्टाचं बक्षीस?

"आमच्याकडे मूट कोर्ट होत नाही. टेबल आहे."

मी भिंतीवरच्या माजी प्राचार्यांच्या तसबिरी मोजत होते. सात होत्या. मी जाणार हे गावात कुणाकुणाला सांगितलंय, ते आठवत होते. किराणावाल्या शहांना. आत्याला, म्हणजे बाकी सगळ्यांना. आत्याने स्वेटर विणायला घेतला होता आणि त्याची एक बाही झाली होती. अण्णांकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"प्रोफेसर, मला समजत नाही," बाई म्हणाल्या. "मग तुम्ही सही का केलीत?"

"आमच्याकडे रीत आहे. विद्यार्थी लिहितात, आम्ही सही करतो. एकतीस वर्षांत मी दोन-तीनशे तरी केल्या असतील. कुणी फोन करून विचारलं नव्हतं. तुम्ही पहिल्या."

पलीकडे कुणीतरी की-बोर्डवर टाइप करत होतं. तो आवाज आम्हाला सगळ्यांना ओळखीचा होता. साक्ष उतरवून घेतल्याचा.

"म्हणजे मी असं नोंदवते," बाई सावकाश म्हणाल्या, "की तुम्ही या विद्यार्थिनीची शिफारस करत नाही."

सरांनी वर बघितलं, मग जमादारांकडे, मग माझ्याकडे.

"इट इज नॉट ट्रू टू से," सर म्हणाले, "दॅट आय डू नॉट रेकमेंड हर."

"काय?"

"हे म्हणणं खरं नाही की मी तिची शिफारस करत नाही."

"पण तुम्ही तिला नऊ दिवसच ओळखता."

"हो. त्या नऊ दिवसांत तिनं रविवार सोडून रोज माझी उलटतपासणी घेतली. तुमच्या जागी बसून. या फोनची तयारी म्हणून."

जमादार खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"तुमची तयारी करून घेतली?" बाईंनी विचारलं. "तुम्ही काय सांगायचं याची?"

"हो. वकील होते. तिचे वडील होते. मी खोटं काय सांगायचं ते ठरलं होतं, आणि मी ते सांगितलं, आणि रोज संध्याकाळी तिनं ते पाडलं. तिला स्वतःलाच थांबता येत नव्हतं. काल पत्र घरी नेऊन मी खोट्या गोष्टी शोधायला बसलो. मला तीन सापडल्या. तिनं माझ्याकडून सात कबूल करून घेतल्या होत्या. स्वतःचा मसुदा असा फोडणारा माणूस मी बघितला नाही, मॅडम. आमचे वकील दुसऱ्याचा फोडतात."

"म्हणजे ती खोटं चांगलं लिहिते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही, नाही. फार वाईट लिहिते. तारखासुद्धा जुळत नाहीत. उलटतपास चांगला घेते. दोन्ही शपथेवर सांगतो."

फोनमधून पुन्हा टायपिंगचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "कुमारी लोंढे तिथं आहेत?"

सरांनी मला बोटाने पुढे बोलावलं.

"आहे," मी म्हणाले. आवाज पासपोर्टच्या फोटोसारखा निघाला, निम्मा.

"पत्रातली सगळ्यात वाईट चूक कोणती वाटली तुम्हाला?"

"तारीख," मी म्हणाले. "पत्र सहा फेब्रुवारीचं आहे. त्यात वीस फेब्रुवारीच्या बक्षिसाचा उल्लेख आहे."

पानं उलटली गेली. "खरंच की," बाई म्हणाल्या. "इथं तिघांनी वाचलं हे." मग म्हणाल्या, "प्रोफेसर, सोमवारपर्यंत मला तुमचं पत्र हवं. तुमचं म्हणजे तुमचं. तुम्ही लिहिलेलं. लोंढे, तुम्ही त्याला हात लावायचा नाही. निर्णय काय होईल ते मी आत्ता सांगत नाही."

"आय एम ग्रेटफुल टू द कोर्ट," सर म्हणाले आणि फोन ठेवून चपला शोधू लागले.

फेरतपास

म्हणजे झालेलं नुकसान भरून काढायला आपल्या वकिलाने पुन्हा विचारलेले प्रश्न. मला कुणी विचारले नाहीत.

सर तीन दिवस लिहीत होते. अण्णा म्हणाले, टाइप करून देतो. सर म्हणाले, नको, हस्ताक्षर हा पुरावा असतो. सोमवारी सायबर कॅफेत त्यांनी दोन फुलस्केप कागद स्वतः स्कॅन करून घेतले. मी बाहेर पायरीवर बसून होते. काचेतून दिसत होतं की मधेच थांबून ते कॅफेवाल्या मुलीला एक स्पेलिंग विचारत आहेत. मला ते पत्र त्यांनी दाखवलं नाही आणि मीही मागितलं नाही. त्यात काय आहे ते मला आजही माहीत नाही. आठवत नाही असं नाही, माहीत नाही.

तीस तारखेला दुपारी ईमेल आला. दोन ओळी. तिसरी अट पूर्ण झाल्याचं समजण्यात येत आहे. जमादार शेडमधून ओरडले, "अण्णा, पंचवीस वर्षांत पहिला साक्षीदार बघितला, फितूर झाला आणि केस जिंकून दिली!" मग त्यांनी सगळ्या शेडला चहा सांगितला.

मी गेले. पहिल्याच आठवड्यात तिथे एक फॉर्म दिला, यापुढे जे लिहीन ते माझं स्वतःचं असेल असा. रांग मोठी होती. मी न वाचता सही केली.

मगदूम सर पुढे दोन वर्षं नोकरीत होते. त्यांच्याकडे शिफारसपत्र घेऊन गेलं की ते म्हणत, बस, उभ्या उभ्या सही नाही. चार प्रश्न विचारत. त्यांच्या दारातली गर्दी आटली आणि शेजारच्या कदम मॅडमकडे वाढली. सर निवृत्त झाले त्या दिवशी मी एडिंबरोहून फोन केला. त्यांनी विचारलं, "कुठली लोंढे?" आणि मग स्वतःच हसले.

अण्णा गेले त्याला आता चार वर्षं झाली. मशीन जमादारांच्या मुलाकडे आहे.

पुढचं मला सरांनी अण्णा गेल्यावर सांगितलं. फोनच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, मी चहाचे ग्लास परत द्यायला गेले होते तेव्हा, अण्णांनी मगदूम सरांना सांगितलं होतं, "सर, उद्या बाईंकडं आधी शपथ मागा."